प्लग लावायचा की टाकी भरायची?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात डिसेंबर 2025 मध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना राहून गेलेले काही आकडे इथे घातले आहेत.)



कमिटीनं मला विषय दिला होता, ‘पंचवीस वर्षांच्या आठवणी’. आठवणी सांगणारे माझ्यापेक्षा जुने लोक इथे आहेत. मी एकच आठवण सांगतो आणि माझ्या विषयावर येतो. 1998 च्या 1 जुलैला धुळ्यातून आपला जिल्हा वेगळा झाला, कचेऱ्या आल्या, नोकरदार आले, आणि त्यातूनच आपली ही 32 बिऱ्हाडं जमली. आपण राहायला आलो तेव्हा पार्किंगमध्ये चारचाकी किती होत्या? तीन. बाकी सगळ्या स्कूटरी आणि सायकली. त्या वेळच्या प्लॅनमध्ये पार्किंगला एक ट्यूबलाईट आणि एक प्लग पॉइंट होता, तोही गणपतीच्या माळेसाठी.

आज त्याच पार्किंगवरून आपल्यात वाद चालू आहे. दसऱ्याला मी विजेवरची गाडी आणली. तेव्हापासून जिन्यात मला पाहिलं की लोक बोलायचं थांबतात. काहींनी तोंडावर विचारलं, त्यांचे आभार. काहींनी कमिटीकडे अर्ज दिला, त्यांचेही आभार, कारण अर्जामुळे विषय सभेपुढे आला. म्हणून आज मी, गाडी घेताना आम्ही घरात काय काय विचार केला, कुठे चुकलो, ते सगळं उघड सांगणार आहे. मग पुढच्या सर्वसाधारण सभेत तुम्ही हो म्हणा की नाही म्हणा.

आमची जुनी डिझेल गाडी तुम्हाला माहीत आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये, भर पावसात, रात्री दीड वाजता आईच्या छातीत दुखायला लागलं. इथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, सुरतला न्या, आत्ता न्या. मी, मुलगा आणि मागच्या सीटवर आई. नवापूर, सोनगड, व्यारा, बारडोली. एकशे पासष्टेक किलोमीटर. पावसात साडेतीन तास लागले. आई वाचली. आज ती 84 वर्षांची आहे आणि तिसऱ्या खुर्चीवर बसून माझ्याकडे रागानं बघते आहे.

तेव्हापासून आमच्या घरात गाडी म्हटलं की पहिला प्रश्न हाच असतो : रात्री दीड वाजता ही सुरतला पोचवेल का? नवी गाडी घ्यायची चर्चा निघाली, विजेचं नाव निघालं, तसं आईनं अहिराणीतच विचारलं, “रस्तामा बंद पडनी ते काय करशी?” मी आधी मंडळात आणि 2005 नंतर महावितरणमध्ये अशी सगळी नोकरी विजेतच केली. विजेच्या माणसाला घरात विजेवर एवढा अविश्वास ऐकून घ्यावा लागला!

पुतण्या जर्मनीत आहे. तो फोनवर म्हणाला, “काका, प्लग-इन हायब्रीड घ्या. रोज विजेवर चालवा, लांब जायचं तर पेट्रोल. दोन्हीचं सुख.” मला पटलं. आमची गरज अगदी तशीच होती. सूनबाई शहाद्याला कॉलेजात शिकवते. प्रकाशावरून जाऊन-येऊन रोज ऐंशीच्या आसपास किलोमीटर. वर्षातून दोन-तीनदा पुणं, अधूनमधून सुरत, आणि उन्हाळ्यात पाहुणे आले की तोरणमाळ. म्हणजे रोजचं छोटं आणि क्वचितचं लांब.

मग मी शोरूममध्ये गेलो. नाव सांगत नाही. तिथला पोरगा म्हणाला, “सर, ही हायब्रीडच आहे, आणि हिला चार्जिंगची कटकटच नाही!” मी म्हटलं, बाबा, मला कटकट हवी आहे, मला प्लग दाखव. त्याला मी काय म्हणतो ते शेवटपर्यंत कळलं नाही. इथे अनेकांची गल्लत होते म्हणून दोन मिनिटं घेतो.

हायब्रीड हा एकच शब्द तीन वेगळ्या गाड्यांना लावतात. पहिली माइल्ड हायब्रीड. तिच्यात छोटी बॅटरी इंजिनाला फक्त हात देते, गाडी विजेवर चालत नाही. दुसरी स्ट्राँग हायब्रीड. आपल्याकडच्या हायरायडर, ग्रँड विटारा, इनोव्हा हायक्रॉस यांची हायब्रीड मॉडेलं या जातीची. बॅटरी एक-दोन युनिटची, ती ब्रेक दाबताना आणि इंजिनावरच भरते, बाहेरून भरता येत नाही. शहरात हळू चालताना इंजिन बंद होऊन गाडी विजेवर सरकते. पेट्रोल खरंच वाचतं, पण शेवटी तिचा सगळा घास पेट्रोलच. तिसरी प्लग-इन. तिची बॅटरी दहा-पंधरा-वीस युनिटची, घरी प्लगला लावायची, पन्नास-साठ, नव्या गाड्यांत शंभरच्या आसपास किलोमीटर निव्वळ विजेवर, आणि मग इंजिन. युनिट म्हणजे तुमच्या बिलातलं युनिटच, वेगळं काही नाही.

ही तिसरी जात नवी नाही. चीनच्या बीवायडीनं 2008 मध्ये अशी गाडी विकायला काढली. मित्सुबिशीची आउटलँडर 2013 पासून जपानमध्ये आणि मग युरोपात चांगली खपली. आपल्या देशात मात्र 2016 मध्ये व्होल्वोची एक्ससी 90 आली ती सव्वा कोटीला. त्यानंतरही जे प्लग-इन आले ते बीएमडब्ल्यू, पोर्शे, रेंज रोव्हर असल्या घरांतले. म्हणजे पुतण्याचा सल्ला बरोबर होता, पण आपल्या खिशाच्या बाजारात तो मालच नव्हता. आपल्यासारख्यांच्या बजेटमध्ये बसणारी प्लग-इन एसयूव्ही मला मिळाली नाही. का नाही, याचं एक कारण कराचं आहे. विजेच्या गाडीवर 2019 च्या ऑगस्टपासून जीएसटी 5 टक्के. मोठ्या हायब्रीडवर, प्लग असो वा नसो, पूर्वी सेस धरून 43 आणि या 22 सप्टेंबरपासून 40. दोन यंत्रणा एका गाडीत घालायच्या, वर आठपट कर भरायचा, तर ती स्वस्त कशी होणार?

आणि एक गंमत. पुतण्याला मी विचारलं, तू स्वतः किती वेळा प्लग लावतोस? तो हसला. गाडी कंपनीची, पेट्रोलचं कार्ड कंपनीचं. चार्जिंगची केबल अजून प्लास्टिकच्या पिशवीत! युरोपियन कमिशननं 2024 मध्ये अहवाल काढला. रस्त्यावरच्या प्लग-इन गाड्यांचा धूर कागदावरच्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघाला. यंत्र चांगलं आहे, पण मालकाला रोज प्लग लावायची सवय पाहिजे. आपल्या सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घेणारा घोड्याचे दात बघतो. इथे मालकाचीच परीक्षा घ्यायला हवी.

तेव्हा आमच्यापुढे उरले दोन पर्याय, स्ट्राँग हायब्रीड नाहीतर पूर्ण विजेची. मुलगा हायब्रीडच्या बाजूचा, सूनबाई विजेच्या, आई दोन्हीच्या विरुद्ध. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, जी घ्याल तिची डिकी मोठी असू द्या.

मी पैशाचा हिशेब मांडला. सूनबाईचं जाणं-येणं महिन्याला 2000 किलोमीटर. हायब्रीडचा कागदावरचा ॲव्हरेज 27.97 आहे, मी खरा 20 धरला. शंभर लिटर पेट्रोल, 105 रुपयांनी साडेदहा हजार. (निझरला जाऊन गुजरातचं पेट्रोल भरणाऱ्यांनी हजारभर कमी धरावेत. किती जण भरतात ते मला माहीत आहे.) विजेची गाडी एका युनिटला साडेसहा किलोमीटर धरली, तर सव्वातीनशेच्या आत युनिटं. आता इथे लोक चूक करतात. युनिटचा दर सात-आठ रुपये धरतात. तसं नाही. घरचं बिल 300 युनिटांच्या वर गेलं की वरचा स्लॅब लागतो, म्हणून मी पंधरा रुपये धरले. पावणेपाच हजार. म्हणजे महिन्याला पावणेसहा हजारांचा फरक, चढा दर धरूनसुद्धा. शिवाय नोंदणीच्या वेळी पेट्रोल गाडीला 11 ते 13 टक्के कर लागतो, विजेच्या गाडीला महाराष्ट्रात तो माफ आहे. टोलमाफी मात्र आपल्या कामाची नाही. ती अटल सेतू, पुणे एक्स्प्रेसवे आणि समृद्धीसाठी. आपण जातो सुरतेला.

पण पैशानं आईचा प्रश्न सुटत नव्हता.

म्हणून गेल्या मे महिन्यात एका नातेवाइकाची विजेची गाडी दोन दिवस मागून आणली आणि तोरणमाळला गेलो. गाडीची बॅटरी साडेचाळीस युनिटची, कागदावर साडेचारशेच्या वर किलोमीटर. शंभर टक्के भरून निघालो. शहाद्यापर्यंत सगळे खूश. सातपायरी घाट लागला आणि पडद्यावरचा आकडा पाण्यासारखा गळायला लागला. उरलेलं अंतर डोळ्यांदेखत कमी होत गेलं. बाहेर रणरणतं ऊन, एसी चालू, गाडीत पाच माणसं. सौभाग्यवती म्हणाल्या, एसी बंद करा. मुलगा म्हणाला, मागे फिरू. मला मात्र नोकरीतला हिशेब आठवला. माणसांसकट दोन टन वजन, आपल्या गावापासून तोरणमाळपर्यंत चढ नऊशे मीटरच्या आसपास. एवढं वजन एवढं वर उचलायला पाच युनिटं लागतात. त्यात बॅटरीचा दोष नाही, डिझेलही चढावर जास्त जळतंच, फक्त डिझेलचा काटा एवढ्या बारकाईनं दाखवत नाही. यशवंत तलावाशी पोचलो तेव्हा 53 टक्के उरले होते. सगळे गप्प. जेवण कुणाला गोड लागलं नाही, सीताखाईसुद्धा घाईत पाहिली.

उतरताना मजा झाली. पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की मोटर उलटी जनरेटर होते. घाट संपला तेव्हा आकडा वर गेलेला! चढताना दिलेल्या पाच युनिटांपैकी तीनेक परत मिळाली. घरी पोचलो तेव्हा 26 टक्के. नातवानं जाहीर केलं की तोरणमाळला जाऊन यायला पाऊण बॅटरी लागते. बरोबर आहे.

त्या दिवशी आम्ही ठरवलं की कागदावरच्या आकड्याच्या सत्तर टक्केच खरे मानायचे. आणि त्या हिशेबानं पन्नासच्या वर युनिटांची बॅटरी असेल तरच घ्यायची. 2020 मध्ये नेक्सॉन ईव्ही आली तेव्हा तीस युनिटची बॅटरी होती. तेव्हा मी घेतली नसती, हे स्पष्ट सांगतो. आता कर्व्ह, क्रेटा, महिंद्राच्या नव्या गाड्या, हॅरियर, पन्नासपासून पंचाहत्तर-ऐंशीपर्यंत मिळते. आमची एक्कावन्न युनिटची. मोठ्या रस्त्यावर खरी सव्वातीनशे किलोमीटर देते.

गाडी आल्यावर दुसऱ्याच शनिवारी आम्ही रंगीत तालीम केली. रात्री अकराला, मुद्दाम भरलेली नव्हे, सूनबाई जशी आणून लावते तशी 64 टक्क्यांवर उचलली आणि सुरतेला निघालो. आई हट्टानं बरोबर आली. सोनगडला 40 दिसले, तेव्हा तिनं माळ काढली. सुरतच्या त्याच हॉस्पिटलच्या फाटकाशी पोचलो तेव्हा 12 टक्के होते. पोचवलं, पण फार ऐपत उरली नव्हती. सुरतेत चार्जर भरपूर. तासभरात ऐंशी टक्क्यांपर्यंत भरून पहाटे परत. तेव्हापासून घरात एकच नियम : रात्री गाडी साठ टक्क्यांच्या खाली झोपवायची नाही. घरी येताच प्लग. हा नियम ज्याला पाळता येणार नाही, त्यानं हायब्रीडच घ्यावी. मी मनापासून सांगतो.

आणि वाईटही ऐकून घ्या. दिवाळीनंतर पुण्याला गेलो. चार-सव्वाचारशे किलोमीटर, एकदा भरावंच लागतं. ॲपवर चार्जर चालू दिसत होता, प्रत्यक्षात पडदा काळा. फोन केला, उचलला नाही. पुढच्या ठिकाणी आधीच दोन गाड्या. जिथे जुन्या गाडीनं आठ तास लागायचे तिथे साडेदहा लागले आणि नातवानं चिप्सची पाच पाकिटं संपवली. मुलगा वाटेत एक शब्द बोलला नाही, पण त्याचा चेहरा बोलत होता. ज्याचं पुणं-नाशिक दर आठवड्याला आहे आणि घरी प्लग नाही, त्याला आजच्या घडीला आपल्या भागातून विजेची गाडी मी सुचवणार नाही. धडगाव-मोलगीकडे रोज जाणाऱ्यालाही दोनदा विचार करायला सांगेन. तिकडे मी नोकरीत असताना लाईन किती वेळा जायची ते मी पाहिलंय.

कुणी म्हणेल, पर्यावरणाचं काय? धूर गावात होत नाही, एवढं खरं. पण आपली बरीचशी वीज अजून कोळशाची. आणि पाण्याची वीज म्हणाल, तर सरदार सरोवरातून महाराष्ट्राला 27 टक्के वाटा मिळतो, आणि त्यासाठी अक्कलकुवा-अक्राणीतली 33 गावं बाधित झाली. त्या गावांतली माणसं आपल्या जिल्ह्यातच नव्यानं वसली. मी त्यांच्या वसाहतींत खांब उभे केले आहेत. म्हणून वीज ‘स्वच्छ’ आहे असं मी तोंड वर करून म्हणत नाही. कमी जाळते, एवढंच म्हणतो.

आता पार्किंगकडे येतो, कारण अर्ज त्याचा आहे. अर्जात तीन हरकती आहेत.

आग लागेल ही पहिली. 2022 च्या उन्हाळ्यात विजेच्या स्कूटरना आगी लागल्या, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंत. त्यानंतर त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून बॅटरीच्या चाचण्यांचे नियम सरकारनं कडक केले. पण मला बॅटरीपेक्षा भीती वाटते वायरची. गेल्या वर्षी आपल्याच इमारतीत गॅलरीतून एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडून स्कूटर चार्ज केली जायची आणि एका रात्री प्लग वितळला. नाव घेत नाही, ते गृहस्थ माझे मित्र आहेत आणि आता ऐकताहेत. गाडी पंधरा अँपिअरवर रात्रभर सलग दहा-बारा तास ओढते. इस्त्री पाच मिनिटं, गिझर वीस मिनिटं, आणि ही बारा तास! म्हणून माझ्या मीटरपासून गाडीपर्यंत स्वतंत्र लाईन, जाड वायर, स्वतंत्र एमसीबी, गळती ओळखणारा आरसीसीबी आणि वेगळं अर्थिंग केलंय. कुणीही येऊन बघावं.

दुसरी, ट्रान्सफॉर्मरवर लोड येईल. 32 घरांनी एकाच वेळी सात किलोवॅटचे चार्जर लावले तर सव्वादोनशे किलोवॅट होतील आणि अंधार होईल, मान्य. पण रात्री अकरानंतर, तीन किलोवॅटवर, पाळीपाळीनं भरल्या तर दहा-बारा गाड्या निभतील असं माझं गणित आहे. ते मी लिहून कमिटीला दिलंय, आणि महावितरणकडून तपासून घ्यावं अशी विनंतीही केली आहे. माझ्या निवृत्तीच्या अनुभवावर विसंबू नका.

तिसरी हरकत मला सगळ्यात रास्त वाटते : एकाची गाडी, खर्च सगळ्यांचा का? माझं उत्तर, नकोच. 2024 च्या फेब्रुवारीतल्या वीज ग्राहक हक्क नियमांप्रमाणे गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळं कनेक्शन मागता येतं. ज्याची गाडी, त्याचा मीटर. आणि सोसायटीनं मिळून काही करायचं असेल तर गच्चीवर सोलर करावं. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे 18 हजार अनुदान आहे, आणि त्या सामाईक वापरात गाड्यांचं चार्जिंगही धरलंय. आपल्याकडचं ऊन तर आपण रोज सोसतोच. पाण्याची मोटर, लिफ्ट, जिन्यातले दिवे यांचं बिल त्यातून उतरेल. ज्यांच्याकडे गाडीच नाही त्या चौदा घरांनाही फायदा होईल.

मुलगा अजून हायब्रीडच्याच बाजूचा आहे. जुनी डिझेल आम्ही विकलेली नाही. आईची अट आहे, ती असेपर्यंत विकायची नाही. दर रविवारी मी ती चालू करून कोपऱ्यापर्यंत फिरवून आणतो.

सभा जानेवारीत आहे. कमिटीनं मला तात्पुरती परवानगी तोपर्यंतचीच दिली आहे. ठराव नामंजूर झाला तर मी लाईन काढून घेईन आणि मुलीच्या बंगल्यावर जाऊन गाडी चार्ज करीन, पण एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडणार नाही. नकाशा, वायरीचं माप आणि लोडचं गणित खाली नोटीस बोर्डावर लावलंय. उद्या सकाळी नऊ ते अकरा मी पार्किंगमध्येच आहे. ज्यांना शंका आहे त्यांनी टेस्टर घेऊन यावं.